प्रकाशसंश्लेषण कोण करतं, कोण करत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत हा धडा दोन तासिकांत संपतो. झाडं अन्न तयार करतात, प्राणी ते खातात, बुरशी उरलंसुरलं कुजवते. पुढे कुणी दगडफूल हातात घेऊन येतं, कुणी आंब्यावरचं बांडगूळ दाखवतं, कुणी लोणारच्या गुलाबी पाण्याबद्दल विचारतं, आणि धड्यातली सरळ रेघ वाकडी व्हायला लागते. माझ्याकडे असे प्रश्न मुलांपेक्षा पालकांकडूनच जास्त येतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

एका दमात सांगा: कोण करतं, कोण नाही?

करतात: बहुतेक सगळ्या वनस्पती, बहुतेक शैवालं, नीलहरित जीवाणू आणि जीवाणूंचे आणखी काही गट.

करत नाहीत: प्राणी, बुरशी, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव), विषाणू, बहुसंख्य जीवाणू आणि हो, काही वनस्पतीसुद्धा.

या दोन ओळी परीक्षेपुरत्या ठीक आहेत. पण त्यातला ‘बहुतेक’ हा शब्दच सगळ्यात मजेचा आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घेतली तर पुढचं सोपं जाईल. सूर्यप्रकाशावर अन्न शिजवण्याची चूल काही जीवांची स्वतःची आहे, काहींनी ती उसनी आणली आहे, आणि काहींनी घरात असलेली चूल विझवून शेजाऱ्याच्या ताटात हात घातला आहे.

प्रकाशसंश्लेषण नेमकं म्हणायचं कशाला? ऊन वापरलं की झालं?

नाही. ऊन तर आपणही वापरतो. त्वचेवर पडलेल्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व बनतं, सरडा सकाळी दगडावर अंग शेकतो. ते प्रकाशसंश्लेषण नव्हे.

दोन गोष्टी एकत्र घडायला हव्यात. पहिली म्हणजे प्रकाशाची ऊर्जा पकडून ती रासायनिक ऊर्जेत बदलणं. दुसरी म्हणजे त्या ऊर्जेच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडसारख्या साध्या पदार्थातून साखर किंवा दुसरा सेंद्रिय पदार्थ बांधणं. नुसती पहिली पायरी गाठलेले जीव बरेच आहेत. काही शास्त्रज्ञ त्यांनाही सैल अर्थाने प्रकाशसंश्लेषी म्हणतात. मी इथे दोन्ही पायऱ्यांचा हट्ट धरला आहे, नाहीतर यादीला अंतच राहणार नाही.

यात ‘ऑक्सिजन बाहेर पडतो’ ही अट नाही, हे मुद्दाम सांगतो. त्याचं कारण जीवाणूंच्या प्रश्नात येईल.

जे हिरवं ते प्रकाशसंश्लेषण करतं, हे बरोबर ना?

पोपटाला विचारा. त्याच्या पिसांत हरितद्रव्य औषधालाही नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परावर्तित होतो, त्यावर पिवळ्या रंगद्रव्याची झाक चढते आणि आपल्याला हिरवा पोपट दिसतो. नाकतोडा आणि झाडावरचा बेडूक हिरवे आहेत तेही पानांत लपण्यासाठी, अन्नासाठी नाही.

हिरवेपणा हा पुरावा नाही, फार तर संशय. खरी खूण म्हणजे हरितद्रव्य आणि त्याला कामाला लावणारी यंत्रणा. वनस्पतींत आणि शैवालांत ही यंत्रणा पेशीतल्या हरितलवक नावाच्या छोट्या कप्प्यांत असते.

मग लाल माठ, क्रोटन, कोलियस यांचं काय? त्यांची पानं तर हिरवी नाहीत.

ती करतात. हरितद्रव्य आहेच, पण वर दुसऱ्या रंगांची चादर पांघरलेली असते. लाल माठात बीटासारखी तांबडी रंगद्रव्यं असतात आणि ती पाण्यात विरघळतात. म्हणून माठ उकळला की पाणी गुलाबी होतं आणि पानांतली हिरवी झाक उघडी पडते. भाजी करताना एकदा नीट बघा.

समुद्रातल्या तपकिरी आणि लाल शैवालांचंही तसंच. तिथे जास्तीची रंगद्रव्यं नुसती शोभेची नसतात. पाण्यात खोल गेलं की तांबडा प्रकाश आधी संपतो, निळा-हिरवा उरतो. तो पकडायला लाल शैवालांकडे वेगळी रंगद्रव्यं असतात आणि ती ही ऊर्जा हरितद्रव्याच्या हवाली करतात.

पानंच नसलेली झाडं अन्न कुठे बनवतात?

जिथे हिरवं आहे तिथे. निवडुंगाची पानं काटे झाली, कामाचा भार खोडाने उचलला. गुळवेलीच्या लोंबत्या हवाई मुळ्या हिरव्या होतात आणि अन्न तयार करतात. शिंगाड्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या मुळ्याही तसंच करतात. काही ऑर्किडांनी तर पानं जवळपास सोडूनच दिली आहेत. झाडाच्या सालीवर चिकटलेली चपटी हिरवी मुळं एवढाच त्यांचा संसार.

अळंबी झाडासारखीच जमिनीतून उगवते. ती का नाही करत?

कारण अळंबी ही वनस्पतीच नाही. बुरशी, यीस्ट, भूछत्रं हे सगळं कवकांचं वेगळं राज्य आहे. हरितलवक त्यांच्याकडे नाहीत, आणि प्रकाशसंश्लेषण करणारं एकही कवक आजवर माहीत नाही. नात्याने पाहिलं तर अळंबी वडाच्या झाडापेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळची आहे. आपण अन्न पोटात घेऊन पचवतो, कवक पाचक रस बाहेर सोडून अन्न जागच्या जागी विरघळवतं आणि मग शोषून घेतं, एवढाच फरक.

शेवाळलेल्या भिंतीवर हिरवी दिसते ती बुरशी नव्हे, ते शैवाल किंवा मॉस. शिळ्या भाकरीवर हिरवी-निळी दिसते ती मात्र बुरशीच. तो रंग तिच्या बीजाणूंचा असतो, हरितद्रव्याचा नाही.

गोडा मसाल्यातलं दगडफूल कशात मोडतं?

हा माझा आवडता प्रश्न. दगडफूल म्हणजे फूल नाही, वनस्पती नाही, आणि एक जीवसुद्धा नाही. ते शैवाक आहे: कवकाने बांधलेलं घर आणि त्यात राहणारं शैवाल. शैवाकांच्या काही जातींत शैवालाच्या जागी नीलहरित जीवाणू असतात, काहींत दोघंही.

अन्न शिजवतो तो हिरवा भाडेकरू. कवक त्याला आडोसा देतं, ओल धरून ठेवतं, आणि त्याने बनवलेल्या साखरेतला मोठा वाटा भाडं म्हणून उचलतं. हा संसार सुखाचा की सक्तीचा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मला तरी भाडं जरा जास्तच वाटतं.

तेव्हा ‘दगडफूल प्रकाशसंश्लेषण करतं का’ याचं नेमकं उत्तर असं: जोडीने पाहिलं तर हो, त्यातलं कवक एकटं पाहिलं तर नाही. मसाल्याच्या डब्यातला एक तुकडा काढून पाहा. वरची बाजू राखाडी, किंचित हिरवट; खालची काळपट. शैवालाचा थर वरच्या कातडीच्या लगेच खाली असतो, म्हणजे उजेडाच्या बाजूला.

बांडगूळ आणि अमरवेल दोन्ही परजीवी. दोघंही अन्न बनवत नाहीत ना?

इथे मराठी भाषेने बांडगुळावर थोडा अन्याय केला आहे. दुसऱ्याच्या जिवावर फुकट जगणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो. प्रत्यक्षात आंब्यावरच्या बांडगुळाची पानं चांगली जाड, हिरवीगार असतात आणि ते स्वतःचं बरंचसं अन्न स्वतः बनवतं. फांदीत मूळ खुपसून ते घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. त्या रसातून थोडं सेंद्रिय अन्नही येतं, पण चूल त्याची स्वतःची आहे. म्हणून ते अर्धपरजीवी. आंब्याची फांदी त्याने वाळते हे खरं, तेव्हा बागायतदाराने ते काढू नये असं मी म्हणत नाही. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदीवर टाकून ते पसरवत राहतो, म्हणून फळं धरण्याआधी काढलेलं बरं.

शिवी द्यायचीच असेल तर अमरवेलीला द्या. कुंपणावर, बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं टाकते ती. तिला पानं नाहीत, रुजल्यावर काही दिवसांत जमिनीशी संबंधही उरत नाही. तिच्यात हरितद्रव्याचा अत्यल्प अंश शिल्लक असतो, पण त्याच्यावर तिचं पोट भरत नाही. पाणी, क्षार, साखर, सगळं ती यजमान झाडाकडून ओढते.

या दोघांच्या मध्ये आणि आजूबाजूला बरीच मंडळी आहेत. ज्वारीतला टारफुला हिरवा असतो, थोडंफार अन्न बनवतो, तरीही ज्वारीच्या मुळाला चिकटल्याशिवाय जगत नाही. त्याची धुळीसारखी बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते आणि यजमानाच्या मुळांतून झिरपणारी विशिष्ट रसायनं मिळाली की मगच उगवते. तंबाखूच्या शेतातला बंबाखू त्याच्याही पुढचा: हिरवेपणा शून्य, सगळं अन्न तंबाखूच्या मुळांतून. आणि या यादीत ज्याचं नाव ऐकून लोक हमखास दचकतात तो म्हणजे चंदन. चंदन अर्धपरजीवी आहे. पानांत अन्न बनवतं, पण मुळांनी शेजाऱ्यांकडून पाणी आणि क्षार घेतं. म्हणून चंदनाच्या लागवडीत सोबत तूर लावतात. एकटं चंदन लावून ‘वाढच नाही’ म्हणणाऱ्याने आधी शेजारी काय आहे ते पाहावं.

सपुष्प वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे एक टक्का परजीवी आहेत. त्यातल्या बहुतेकांनी प्रकाशसंश्लेषण सोडलेलं नाही. पूर्णपणे सोडून देणाऱ्या थोड्याच.

मग एकदम पूर्ण सोडून दिलेली वनस्पती कोणती?

आग्नेय आशियाच्या जंगलातलं रॅफ्लेशिया. खोड नाही, पान नाही, मूळ नाही. आयुष्यभर यजमान वेलीच्या आत बुरशीसारखे धागे होऊन राहतं आणि बाहेर येतं ते थेट फूल होऊन. सुमात्रातल्या एका जातीचं फूल सुमारे एक मीटर रुंद होतं, जगातलं सगळ्यात मोठं एकटं फूल. 2014 मध्ये फिलिपिन्समधल्या रॅफ्लेशियाच्या एका जातीवर संशोधन झालं, तेव्हा तिच्यात हरितलवकाची जनुकीय सामग्रीच सापडली नाही. चूल विझवली, आणि चुलीच्या विटाही काढून टाकल्या.

हिमालयात आणि उत्तर अमेरिकेत आणखी एक मेणासारखं पांढरं झाड आहे, मोनोट्रोपा. ते दुसऱ्या झाडाला हात लावत नाही, जमिनीतल्या कवकाला लुबाडतं. ते कवक जंगलातल्या झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतं, त्यामुळे शेवटी अन्न झाडाचंच, फक्त मध्यस्थामार्फत आलेलं.

कासच्या पठारावरचं दवबिंदू किडे खातं. म्हणजे ते अन्न बनवत नाही?

बनवतं. दवबिंदू, सीतेची आसवे, घटपर्णी या सगळ्या कीटकभक्षी वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात. त्या वाढतात त्या जमिनीत नत्राचा दुष्काळ असतो. कासला जांभ्या खडकावर मातीचा थर किती पातळ आहे ते तुम्ही पाहिलं असेलच. किडा हा त्यांचा भात नाही, खत आहे.

पांढऱ्या पानांची रोपं?

मका किंवा भात पेरला की कधीकधी एखादं पूर्ण पांढरं रोप उगवतं. जनुकात बिघाड झाल्याने हरितद्रव्य बनत नाही. बियाण्यात साठवलेलं अन्न असेपर्यंत ते जगतं, मग मरतं. मनीप्लँटच्या पानावरचे पांढरे पट्टेही अन्न बनवत नाहीत. त्यांना हिरवा भाग पोसतो.

शैवाल म्हणजे वनस्पतीच ना? आणि ती सगळी प्रकाशसंश्लेषण करतात?

दोन्ही उत्तरं ‘नाही’. शैवाल हा नात्याचा शब्द नाही, धंद्याचा आहे. ‘दुकानदार’ म्हटल्यावर आडनाव कळत नाही, तसं. हिरवी शैवालं वनस्पतींची सख्खी, लाल त्यामानाने जवळची, तपकिरी मात्र पार दुसऱ्या कुळातली.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. फार पूर्वी एका पेशीने एक नीलहरित जीवाणू गिळला आणि पचवला नाही. तो आतच राहिला, पिढ्यान्‌पिढ्या विभागत गेला, आणि त्याचाच हरितलवक झाला. मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ही कल्पना 1905 मध्ये मांडली, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ती पुन्हा जोरात मांडली आणि पुढे पुरावे मिळत गेले. हरितलवकाला आजही स्वतःचा वेगळा डीएनए आहे आणि तो नीलहरित जीवाणूंच्या डीएनएशी जुळतो. तपकिरी शैवालांच्या पूर्वजांनी तर जीवाणूऐवजी अख्खं लाल शैवालच गिळलं. म्हणजे उसन्यावर उसनं. वडाच्या पानात आणि समुद्रातल्या शैवालात तेच जुनं यंत्र चालतं, मालक मात्र वेगवेगळे.

आता ‘सगळी करतात का’ याकडे. प्रोटोथेका नावाचं रंगहीन शैवाल आहे. नात्याने हिरव्या शैवालांतलं, पण प्रकाशसंश्लेषण सोडून दिलेलं. ते गायीच्या सडात शिरून स्तनदाह घडवतं. दुसरीकडे युग्लिना: उजेड असेल तर स्वतः शिजवते, अंधारात तयार अन्न शोषून घेते.

मलेरियाच्या परजीवीत हरितलवक असतो असं वाचलं. थाप आहे का?

थाप नाही, पण शब्द जरा बदलू या. मलेरिया घडवणाऱ्या प्लाझ्मोडियमच्या पेशीत हरितलवकाचा एक अवशेष आहे. 1990 च्या दशकात तो ओळखला गेला. तो प्रकाशसंश्लेषण करत नाही. आपल्या रक्तपेशीत आणि यकृतात कुठलं आलंय ऊन! पण परजीवीला लागणारी काही रसायनं तिथेच बनतात, त्यामुळे तो अवशेष टाकूनही देता येत नाही. याच प्लाझ्मोडियमचा एक दूरचा नातेवाईक सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळात सापडला आणि 2008 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो अजून प्रकाशसंश्लेषण करतो. म्हणजे डासातून आपल्या रक्तात येणाऱ्या या जंतूचे पूर्वज कधीकाळी उन्हावर जगत होते.

जीवाणूंपैकी कोण करतं?

सगळ्यात आधी नीलहरित जीवाणू. जुन्या पुस्तकांत त्यांना नीलहरित शैवाल म्हणत, ते नाव आता सोडून दिलेलं बरं. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारे जीवाणू एवढेच. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्यामुळे. यांच्यातलाच एक प्रोक्लोरोकॉकस, आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, 1980 च्या दशकापर्यंत कुणाला माहीतच नव्हता. आज तो पृथ्वीवरचा संख्येने सगळ्यात जास्त प्रकाशसंश्लेषी जीव मानला जातो. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा वाटा समुद्रात होतो, आणि तो करणारे बहुतेक जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ‘जंगलं म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं’ हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण समुद्र त्यात बसत नाही.

बाकीचे म्हणजे जांभळे आणि हिरवे गंधक जीवाणू आणि आणखी काही गट. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइडसारखे पदार्थ वापरतात. मग ऑक्सिजन कुठून येणार? गंधक उरतो. 1930 च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी या जीवाणूंचा अभ्यास करून एक तर्क केला: इथे गंधक हायड्रोजन सल्फाइडमधून येतो, तर झाडांत ऑक्सिजन पाण्यातूनच येत असणार. तोवर अनेकांना वाटे की तो कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो. पुढे 1941 मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक (ऑक्सिजनच, पण वजनाने जड अणूंचा) वापरून झालेल्या प्रयोगाने व्हॅन नील यांच्या बाजूने कौल दिला. झाडाचं कोडं चिखलातल्या जीवाणूने सोडवलं.

लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते प्रकाशसंश्लेषणामुळेच का?

जून 2020 मधली गोष्ट. लोणारचं पाणी एरवी हिरवट दिसतं, त्याला कारण तिथले नीलहरित जीवाणू. अतिशय अल्कधर्मी पाण्यातही ते मजेत प्रकाशसंश्लेषण करतात. त्या उन्हाळ्यात पाणी घटलं, क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झालं. आधी संशय गेला ड्युनालिएला या शैवालावर. ते लाल-केशरी दिसू शकतं आणि प्रकाशसंश्लेषण करतं. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंग हॅलोआर्कियांचा निघाला, म्हणजे तीव्र खारटपणात वाढणाऱ्या आर्कियांचा.

हॅलोआर्किया आपल्या व्याख्येची चांगली परीक्षा घेतात. त्यांच्यातल्या काहींकडे आपल्या डोळ्यातल्या रंगद्रव्यासारखं एक प्रथिन असतं. त्यावर प्रकाश पडला की ते पेशीबाहेर प्रोटॉन ढकलतं आणि त्यातून ऊर्जा मिळते. पहिली पायरी झाली. पण त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडची साखर ते बनवत नाहीत. अन्न तयारच घेतात. हरितद्रव्यही नाही. माझ्या वहीत ते ‘नाही’च्या रकान्यात.

एकही प्राणी करत नाही, हे पक्कं?

स्वतःच्या जनुकांवर, आईवडिलांकडून मिळालेल्या यंत्रणेने करणारा एकही नाही. उसनवारी करणारे मात्र भरपूर.

मालवणला पाण्यात डोकं घालून प्रवाळ पाहिलं असेल तर असं उदाहरण तुमच्या डोळ्यासमोरच होतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि उथळ, उजेडाच्या पाण्यातल्या प्रवाळांची बहुतांश ऊर्जेची गरज तीच भागवतात. पाणी जास्त तापलं की हा करार मोडतो, शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. राक्षसी शिंपला आणि गोड्या पाण्यातली हिरवी हायड्रा यांचीही अशीच भागीदारी असते.

अमेरिकेतल्या ठिपकेदार सॅलॅमँडरच्या अंड्यांत एक हिरवं शैवाल वाढतं. भ्रूणाला ऑक्सिजन मिळतो, शैवालाला भ्रूणाचा टाकाऊ नत्र. 2010 च्या सुमारास ते शैवाल भ्रूणाच्या पेशींच्या आतही सापडलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असं काही असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मात्र पेशीत शिरलेलं शैवाल त्रासलेलं असतं आणि उजेडावर फारसं जगत नाही असं पुढच्या अभ्यासात दिसलं, तेव्हा ‘सौरऊर्जेवरचा सॅलॅमँडर’ हे मथळे जरा बेतानेच घ्यावेत.

आणि सगळ्यात गाजलेली ती एलिसिया क्लोरोटिका, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची समुद्री गोगलगाय. ही शैवाल फोडून आतला रस पिते, बाकी पचवते आणि हरितलवक तेवढे आतड्याच्या पेशींत साठवते. अंगाचा आकार पानासारखा, रंगही पानासारखा. चोरीचे हरितलवक महिनोन्‌महिने टिकतात. एकदा पोट भरलं की ती नंतर उन्हावरच जगते, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मग 2014 मध्ये तिच्या दोन चुलत जातींना अंधारात ठेवून पाहिलं, तर त्या अंधारातही तगल्या. काही अभ्यासकांचं म्हणणं, हरितलवक हा तिचा सौर पंप कमी आणि अडीअडचणीची शिदोरी जास्त आहे. भांडण मिटलेलं नाही. चोरी मात्र सिद्ध आहे.

रात्री निळी चमकणारी कोकणातली लाट?

ती नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची करामत. तो प्रकाश देतो, प्रकाश खात नाही. त्याला स्वतःचे हरितलवक नाहीत. तो इतर सूक्ष्म जीव गिळून जगतो. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात याच नॉक्टिल्युकाची हिरवी आवृत्ती प्रचंड फोफावते. तिच्या पोटात मात्र शेकडो-हजारो जिवंत हिरवी शैवालं कामाला जुंपलेली असतात.

मावा कीटक आणि गांधीलमाशी सौरऊर्जा वापरतात म्हणे?

वाटाण्यावरच्या माव्याकडे कॅरोटिनॉइड (गाजरात असतात तशी पिवळी-केशरी रंगद्रव्यं) बनवण्याची जनुकं आहेत, आणि ती मुळात कवकांकडून आलेली आहेत, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. प्राण्यांत हे फार दुर्मीळ. उजेडात त्याची ऊर्जा वाढते असाही दावा पुढे झाला. भारतातही आढळणाऱ्या एका गांधीलमाशीच्या अंगावरचा पिवळा पट्टा प्रकाश शोषतो, त्यावरही संशोधन आहे. पण दोघांपैकी कुणीही कार्बन डायऑक्साइडचं अन्न बनवत नाही. तेव्हा नाही.

जिथे ऊन पोचत नाही तिथले जीव?

1977 मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे सापडले, आणि त्यांच्याभोवती गच्च जीवसृष्टी. तिथल्या मोठ्या नळीकृमींना तोंडच नसतं. त्यांच्या अंगातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडमधल्या रासायनिक ऊर्जेवर अन्न बनवतात. हे रसायनसंश्लेषण, प्रकाशाचा संबंध नाही. मुलं पेपरात दोन्ही एकच समजून लिहितात आणि गुण घालवतात.

अपवाद हवाच असेल तर आहे. मेक्सिकोजवळच्या प्रशांत महासागरात, सुमारे 2,400 मीटर खोल अशा झऱ्यापाशी सापडलेल्या हिरव्या गंधक जीवाणूबद्दल 2005 मध्ये अहवाल आला. तिथे सूर्य नाही, पण तापलेल्या झऱ्याचा अतिमंद उजेड आहे, आणि हा त्यावर प्रकाशसंश्लेषण करत असावा असा निष्कर्ष आहे.

विषाणू?

नाही. पण नीलहरित जीवाणूंवर हल्ला करणारे काही विषाणू प्रकाशसंश्लेषणाची एक-दोन जनुकं सोबत बाळगतात. संसर्ग झाल्यावरही यजमानाची चूल पेटती राहावी आणि त्या ऊर्जेवर आपली पिलावळ वाढावी म्हणून.

पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो ना? आम्हाला रोज फॉरवर्ड येतो.

मलाही येतो. ऑक्सिजन सुटतो तो पाणी फोडताना, आणि पाणी फुटतं ते उजेडात. रात्री पिंपळ आपल्यासारखाच श्वास घेतो: ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. तुळस, कोरफड, स्नेक प्लँट, कुणीच अपवाद नाही.

या समजुतीत एक खरा धागा अडकला आहे. कोरफड, निवडुंग, अननस यांसारखी झाडं दिवसा पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड ती रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वापरतात. ऑक्सिजन तेव्हाच, दिवसाच तयार होतो. पिंपळाचा पार रात्री गार वाटत असेल तर जरूर बसा, फक्त कारण दुसरं शोधा.

बटाटा हिरवा पडतो तेव्हा तो प्रकाशसंश्लेषण करू लागतो का?

उजेड लागला की सालीखालचे पिष्ठ साठवणारे कप्पे हरितलवकांत बदलू लागतात. बटाटा हे मुळात खोडच, त्यामुळे नवल नाही. काम सुरू होतं ते नगण्य. हरितद्रव्य निरुपद्रवी आहे, पण त्याच उजेडात सोलॅनिनसारखी कडवट विषारी द्रव्यंही वाढतात. हिरवा भाग जाड कापून काढा. फारच हिरवा किंवा कडू लागला तर फेकून द्या.

माणसाच्या त्वचेत हरितलवक घातले तर जेवण सुटेल का?

हिशोब करू. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण 5 युनिट (विजेच्या बिलातली युनिटं, म्हणजे किलोवॅट-तास) सौरऊर्जा पडते. उन्हाकडे तोंड करून असलेली त्वचा ढोबळमानाने एक चौरस मीटर धरू. पिकं उन्हातल्या ऊर्जेचा एखादा टक्का अन्नात साठवतात. 5 युनिटचा एक टक्का म्हणजे सुमारे 43 किलोकॅलरी. म्हणजे दिवसभर उघड्या अंगाने उन्हात उभं राहून मिळकत अर्धी चपाती, आणि घामाने गेलेलं पाणी वेगळंच. झाड एका जागी उभं असतं, त्याला धावायचं नसतं, आणि पानांचा पसारा प्रचंड असतो, म्हणून त्याचं भागतं.

प्रयोग मात्र चालू आहेत. 2024 मध्ये जपानी संशोधकांनी लाल शैवालाचे हरितलवक हॅमस्टरच्या पेशींत घातले आणि ते दोन दिवस काम करत राहिले. उद्देश जेवण सोडवणं हा नव्हता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींना ऑक्सिजन कमी पडतो, तो आतूनच पुरवता येईल का हे पाहायचं होतं.

मुलाच्या प्रकल्पासाठी घरी काय करून दाखवता येईल?

पांढरे पट्टे असलेलं मनीप्लँट किंवा क्रोटन घ्या. कुंडी दोन दिवस अंधारात, मग एक पूर्ण दिवस उन्हात. पान तोडून त्यावरचे हिरवे आणि पांढरे भाग कागदावर रेखाटून ठेवा. पान आधी पाण्यात उकळा, मग स्पिरिटमध्ये बुडवून ते भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, म्हणजे हिरवा रंग उतरेल. धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाका. जिथे हिरवं होतं तिथे पिष्ठ बनलेलं असतं आणि डाग निळा-काळा पडतो. पांढऱ्या पट्ट्यावर नाही. स्पिरिट भडकन पेट घेतं, तेव्हा पाणी आधी तापवून गॅस बंद करा आणि मगच बाटली उघडा. हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलाने चित्र काढायचं.

कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची पायरी वगळू नका. बहुतेकांचा प्रयोग तिथेच फसतो, कारण पानात आधीचं पिष्ठ शिल्लक असतं.